गाजर गवत आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणारे

दुर्ग-भिलाईच्या आपल्या मराठी मंडळींत एक मत हल्ली फार आत्मविश्वासाने मांडलं जातं. गेल्या स्नेहसंमेलनात एका गृहस्थांनी ते भाषणातून मांडलं. त्यांचं नाव घेण्याचं कारण नाही, कारण तेच मत घरोघरी आहे. म्हणे, ॲलर्जी हा लाडावलेल्या शरीराचा रोग. वाडवडील मातीत वाढले म्हणून त्यांना ना शिंका आल्या ना चट्टे उठले. आता प्रतिकारशक्ती उरली नाही, तेव्हा काढे घ्या, उन्हात फिरा, अंगाला सवय लावा. एवढं करूनही राहिलं तर ते मनाचं दुखणं समजा. टाळ्या पडल्या. त्याच सभेत माझे थोरले भाऊ भर गरमीत पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, सुजलेल्या पापण्या खाली करून बसले होते. मी हे लिहिते आहे ते त्यामुळे.

आधी सवयीचं बघू. भिलाईच्या स्मृती नगरातल्या कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यात कमरेएवढं वाढतं ते पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत. इथे त्याला गाजर घास म्हणतात, पुण्याकडे काँग्रेस गवत. पुण्यात ते 1955 साली दिसलं आणि पुढच्या वर्षी त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. पुढच्या दोन दशकांत पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाबद्दल लिहू लागले. या रोगाचे रुग्ण कोण? फरशीवर वाढलेली पोरं नव्हेत. शेतकरी, शेतमजूर, माळी, रस्त्याकडेचं गवत काढणारे कामगार. बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे, आयुष्य उन्हामातीत गेलेले. पहिल्या वर्षी त्यांना काही होत नाही, दुसऱ्या वर्षीही होत नाही. वर्षानुवर्षं त्या गवताशी संबंध आल्यावर एखाद्या हंगामात मानेच्या वळीत, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत, पापण्यांवर खाज सुरू होते, आणि मग ती दर हंगामाला येते. काहींना पुढे ऊनही सोसत नाही. म्हणजे सवयीने अंग घट्ट झालं नाही, सवयीनेच ते बिघडलं. ‘उन्हात फिरा, अंगाला सवय लावा’ हा सल्ला या माणसांना देणं हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार नाही, त्याने इजा होते.

हे का होतं, तेही सांगते, कारण वक्त्यांनी ते समजून घेतलेलं दिसत नाही. या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा रेणू इतका लहान की एकट्याने तो शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेतही येत नाही. पण तो त्वचेतल्या प्रथिनाला चिकटतो आणि ती जोडगोळी शरीराला परकी वाटते. त्वचेतल्या पेशी तिची खबर लसिका ग्रंथींपर्यंत नेतात, तिथे टी पेशी तिची ओळख पाठ करतात. त्यानंतर त्या द्रव्याचा कण अंगाला लागला की दिवस-दोन दिवसांत त्या पेशी तिथे जमतात आणि दाह सुरू होतो. ती ओळख वर्षानुवर्षं पुसली जात नाही. झाडाला हात लावायलाही नको. सुकलेल्या पानाखोडावरची सूक्ष्म लव वाऱ्याबरोबर उडते, म्हणूनच कपड्याबाहेरचा चेहरा आणि पापण्या आधी पेटतात. आता सांगा, यात कमी कुठे पडलं? ही प्रतिकारशक्ती दुबळी नाही, ती नको तिथे जोराने धावते आहे. हट्टी रोगात डॉक्टर अझाथायोप्रिन देतात. हे औषध प्रतिकारशक्ती दाबणारं आहे, अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णांनाही ते दिलं जातं. रक्ताच्या तपासण्या करत, देखरेखीखाली ते घ्यावं लागतं. जी शक्ती दाबल्यावर माणसाला झोप लागते, ती वाढवायचा सल्ला टाळ्या घेऊन जातो.

क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी ‘ॲलर्जी’ हे नाव 1906 मध्ये दिलं, तेच मुळी शरीराची बदललेली प्रतिक्रिया सांगण्यासाठी. हा विचार जुना आहे. त्याला सव्वाशे वर्षं होत आली तरी आपल्या सभांपर्यंत तो पोचलेला नाही.

मातीत वाढण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते मी मान्य करते. 1989 साली डेव्हिड स्ट्रॅकन यांनी ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासून दाखवलं की मोठी भावंडं जास्त असतील तर परागज्वर कमी दिसतो. पुढे गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलांवरही काम झालं. 2015 मधल्या लंडनच्या अभ्यासात तर धोका असलेल्या तान्ह्या मुलांना भुईमूग लवकर खाऊ घातल्यावर त्याची ॲलर्जी खूप कमी झाली. पण हे सारं बाल्यातलं, अंग शिकत असतानाचं आहे. पंचावन्न वर्षांच्या माणसाला गवतात लोळवून ते होत नाही.

मनाचं दुखणं म्हणणाऱ्यांनी पॅच टेस्ट एकदा बघावी. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. कुठल्या चकतीत गाजर गवत आहे हे पाठीला कोणी सांगितलेलं नसतं. लाल होते ती तेवढीच जागा.

वाडवडिलांना हा रोग नव्हता, कारण हे गवतच एवढं पसरलेलं नव्हतं.

ॲलर्जीबद्दलचा हाच आत्मविश्वास दम्याच्या बाबतीतही दिसतो. इनहेलरची सवय लागते म्हणून तो बंद करायला सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक.

गाजर गवताची चर्चा निघाली की कोणीतरी लगेच पीएल-480, म्हणजे अमेरिकेच्या धान्याचा जुना करार, काढतं. अमेरिकेच्या गव्हातून हे गवत आलं, सगळं कारस्थान होतं, हा वाद मी वीस-पंचवीस वर्षं ऐकते आहे. भारताचा पीएल-480 करार 1956 च्या ऑगस्टमधला आणि पुण्यात गवत दिसलं ते 1955 मध्ये. त्याआधी 1951 च्या कर्जाऊ गव्हाचंही नाव घेतलं जातं, आणि दक्षिणेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्याचा दाखलाही दिला जातो. घ्या कोणताही. ज्याची मान सोलवटली आहे त्याला गव्हाच्या बोटीचा खटला चालवून काय मिळणार? दुसरा जुना वाद हिवाळ्यात पाला जाळण्याचा. गाजर गवत उपटून तिथेच ढीग पेटवणाऱ्यांशी मी किती वेळा बोलले असेन. त्यांना वाटतं आग लावली की संपलं, आणि आजूबाजूच्या घरांतले दमेकरी रात्रभर उठून बसतात. तिसरा वाद तर देवासमोरचा. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली, त्यामुळे काही रुग्णांना तीही बाधते. गणपतीत दोन हार झेंडू-शेवंतीऐवजी जास्वंदीचे करा म्हटलं तर श्रद्धेला धक्का लागतो म्हणतात. जास्वंद गणपतीला चालत नाही असं कोणत्या घरात सांगतात?

मग करायचं काय? माझ्याकडे काढा नाही. गवत फुलायच्या आत, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, मुळासकट उपटायचं. कारण एका झाडाला हजारो बिया येतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, आणि ज्याला चट्टे उठतात त्याला या कामावर पाठवायचं नाही. उपटलेलं जाळायचं नाही; फूल आलेलं नसेल तर खड्ड्यात कुजवून खत करायचं. रिकाम्या जागी पावसाआधी चरोट्याचं बी फेकावं. ज्याची भाजी इथे घरोघरी होते आणि विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात, तोच. तो दाट उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. मेक्सिकन भुंगाही आहे, 1980 च्या दशकात तो मुद्दाम भारतात आणला गेला. तो पानं खातो, पण एकट्याने पुरा पडत नाही. रुग्णाने त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं, मेडिकलवाल्याने दिलेलं स्टिरॉइड मलम महिनोन्‌महिने चोपडू नये. आणि घरच्यांनी त्याच्या पूर्ण बाह्यांवर, बंद खिडकीवर शेरे मारू नयेत.

जबलपूरची तण संशोधनाची सरकारी संस्था दर ऑगस्टमध्ये 16 ते 22 तारखेला गाजर गवत जागृती सप्ताह पाळते. स्मृती नगरातल्या मंडळींनो, येत्या 16 ऑगस्टला सकाळी हातमोजे घालून आपापल्या गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटवर या. भाषण करणाऱ्या गृहस्थांनीही यावं.