अर्जाचें उत्तर

विद्यार्थिमित्रहो, ‘रस्ते, दिवे व पाणी यांची व्यवस्था ठेवणें हें नगरपालिकेचें कर्तव्य होय,’ असें तुम्ही नागरिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेंत दरवर्षीं बिनचूक लिहितां, व आम्हीही त्याबद्दल पुरे गुण देतों. परंतु शाळेच्या दाराबाहेर पाऊल टाकतांच खड्ड्यांतील पाणी अंगावर उडालें, म्हणजे त्या वाक्याचा अर्थ कोणास विचारावा?

कांहीं वर्षांपूर्वीं मीं तो विचारून पाहिला. गांवाचें व कचेरीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्या वाटेवरील एक मोरी खचली होती व पावसांत लहान मुलें तेथें पडत. दोन महिन्यांनीं उत्तर आलें, ‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’ पुन्हां लिहिलें, तेव्हां ‘सदर रस्ता आमच्या हद्दींत नाहीं’ असें कळलें. दुसऱ्या कचेरीनेंही तेंच लिहिलें. मोरी दोघांच्याही हद्दींत पडली नाहीं. मुलें मात्र मोरींत पडत राहिलीं. मी रागावलों व गप्प बसलों. पुढच्या पावसाळ्यांत तेथें एका विद्यार्थ्याचा हात मोडला, आणि मग ती मोरी आठ दिवसांत दुरुस्त झाली! त्या मोडलेल्या हातांत माझ्या मौनाचाही वांटा होता, असें मला आज वाटतें.

कचेऱ्यांच्या अडचणी खोट्या नसतात. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, गांवरस्ते जिल्हा परिषदेकडे, शहरांतील गल्ल्या नगरपालिकेकडे वा महापालिकेकडे; शिवाय २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत कृष्णामाईनें आमच्या भागाची केवढी हानि केली, हें सांगलीकरांस सांगावयास नको. पैसा थोडा व कामें फार, हेंही खरें. तरी ‘यंदा पैसा नाहीं, अमुक काम आधीं करावयाचें आहे’ हें उत्तर होय. ‘विचाराधीन आहे’ हें उत्तर नव्हे. पहिल्यानें मनुष्य निराश होईल, पण त्याचा मान राहील; दुसऱ्यानें त्याचा विश्वासच उडतो.

या बाबतींत आपल्याच मुलखांतील एक उदाहरण आठवण्याजोगें आहे. १९३९ सालीं औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें राज्यकारभार प्रजेच्या स्वाधीन केला. गांवोगांव निवडलेल्या पंचायती आल्या. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. त्याचें औंध आज सातारा जिल्ह्यांत, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यांत आहेत. त्या प्रयोगाचें मर्म मला एवढेंच दिसतें कीं, उत्तर देणारा मनुष्य विचारणाराच्याच गांवांत राहत असे. ज्या वाटेनें अर्जदाराची गाडी जाई, त्याच वाटेनें पंचाचीही जाई. तेथें ‘विचाराधीन’ म्हणून किती दिवस निभावणार?

आज राजा नाहीं. त्याची जागा कायद्यानें घेतली आहे. ग्रामसभा वर्षांतून किमान चार वेळां भरवावी लागते. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याप्रमाणें सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. पण ग्रामसभेस माणसें जमत नाहींत, आणि आपले अर्जही ‘रस्ता फार वाईट आहे’ एवढ्यावरच संपतात. रस्ता कोणाचा, तो केव्हां बांधला, खर्च किती झाला, आणि ठेकेदारानें स्वखर्चानें दुरुस्ती करून देण्याची मुदत संपली काय, हे चार प्रश्न विचारावे. खड्ड्याची जागा व लांबी लिहावी. अर्जाची पोंच घेऊन नक्कल जपून ठेवावी. नेमक्या प्रश्नास मोघम उत्तर देणें कठीण जातें.

अर्ज करणें ही याचना नव्हे, तसें तें भांडणही नव्हे. तो नागरिकाचा स्वाध्याय आहे. तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां अर्ज लिहितील व कांहीं जण कचेरींत बसून उत्तरें लिहितील. पहिल्यांस माझें सांगणें, दुसऱ्या उत्तरानंतर थांबूं नका. दुसऱ्यांस एवढेंच कीं, सही करण्यापूर्वीं एकदां ती मोरी स्वतः पाहून या.