नाक्यावरचा माणूस आणि कलम बारा

आज १ मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. कचेऱ्या, बँका, शाळा बंद आहेत. पण मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर अशा कुठल्याही शहरातल्या मजूर नाक्यावर आज सकाळीही नेहमीसारखीच माणसे उभी होती. पिशवीत थापी, ओळंबा, रंगाचा ब्रश आणि दुपारचा डबा. आठच्या सुमारास मुकादम येतो, बोट दाखवून चौघांना निवडतो, मजुरी ठरते आणि ते चौघे टेम्पोत चढतात. साडेदहापर्यंत ज्याला कुणी नेले नाही, त्याचा दिवस बुडाला. डबा घेऊन घरी परतायचे आणि उद्या पुन्हा यायचे. या माणसाला सुट्टी परवडत नाही, मग ती कामगार दिनाची असो की महामारीची.

राज्याच्या स्थापनेला साठ वर्षे झाली, त्या २०२० च्या महाराष्ट्र दिनी हे नाके ओस पडले होते. कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी होती. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता तिची घोषणा झाली आणि बारा वाजता ती लागू झाली. हातावर पोट असलेल्यांना तयारीसाठी चार तास मिळाले. गावी जाणाऱ्या मजुरांसाठी पहिल्या श्रमिक विशेष गाड्या निघायला १ मे उजाडावा लागला. महाराष्ट्रातली पहिली गाडी त्याच रात्री नाशिक रोडहून भोपाळकडे गेली. पुढच्याच आठवड्यात, ८ मेच्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. मूळचे मध्य प्रदेशचे हे मजूर जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते आणि गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे चालत निघाले होते. चार महिन्यांनी संसदेत प्रश्न आला तेव्हा गावी परतताना किती मजूर मरण पावले याची माहिती आपल्याकडे नाही, असे उत्तर केंद्र सरकारने दिले.

आज हे पुन्हा लिहिण्याचे कारण एवढेच की साथ पुन्हा येऊ शकते, निर्बंध पुन्हा लागू शकतात आणि तेव्हाही ते याच माणसाच्या पोटावर येतील. निर्बंध नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. साथ रोखण्यासाठी गर्दी थांबवावी लागते. ज्यांनी एप्रिल २०२१ मधल्या रुग्णालयांच्या रांगा पाहिल्या, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. आमचा आक्षेप निर्बंधांच्या मजकुराला आहे. तो मजकूर लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर महिन्याचा पगार आणि दार लावून बसता येईल असे घर असलेला माणूस होता.

एप्रिल २०२१ चा राज्य सरकारचा ‘ब्रेक द चेन’चा आदेशच पाहा. १४ एप्रिलला रात्री आठपासून राज्यभर जमावबंदी आली. पाच जणांनी एकत्र येणे हा गुन्हा ठरला. नाका म्हणजे पन्नास-शंभर माणसांचे एकत्र उभे राहणेच; त्याला दुसरे रूप नाही. बांधकामांना परवानगी होती, पण मजूर जिथे कामाच्याच जागी राहतात तिथेच. म्हणजे बिल्डरचे काम चालू राहणार होते आणि वस्तीतून रोज नाक्यावर येणाऱ्या बिगाऱ्याचे, रंगाऱ्याचे, फरशी बसवणाऱ्याचे काम बंद होणार होते. रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांना फक्त पार्सल देण्याची मुभा मिळाली. पण वडापावची गाडी चालते ती कचेऱ्या, कॉलेजे आणि स्टेशनाच्या वर्दळीवर. ती वर्दळच नसेल तर पार्सल नेणार कोण? घरकाम करणाऱ्या बायकांना कामावर जाऊ द्यायचे की नाही, हे स्थानिक प्रशासनावर सोडले होते. प्रत्यक्षात ते सोसायटीच्या कमिटीवर आणि फाटकावरच्या वॉचमनवर येऊन थांबले.

या बायकांचे हाल कमी नोंदले गेले, कारण ते घराघरांत विभागलेले होते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे चार मालक असतात. ‘तू येऊ नको, पगार मिळेल’ असे म्हणून शब्द पाळणारी घरे होती, हे नमूद केले पाहिजे. पहिला महिना पूर्ण, दुसरा अर्धा आणि मग ‘आता मशीन घेतलं, ताई’ असे सांगणारीही होती. न झालेल्या कामाचा सगळा काळ एक लांबलचक खाडा धरला गेला. आणि सोसायटी पुन्हा उघडली तरी तिथवर पोचायचे कसे? मुंबईच्या लोकल २०२० च्या मार्चमध्ये थांबल्या आणि जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. त्या यादीत घरकामगार नव्हत्या. ऑक्टोबरमध्ये महिलांना परवानगी मिळाली ती सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. स्वयंपाकाला, भांड्याला सकाळी सातला पोचावे लागणाऱ्या दिव्याच्या किंवा नालासोपाऱ्याच्या बाईला त्या वेळेचा उपयोग नव्हता. बसने जायचे तर दिवसाच्या कमाईतला मोठा हिस्सा भाड्यातच जायचा. भिशी मोडली, खोलीचे भाडे थकले, मंगळसूत्र सावकाराकडे गेले. या नुकसानीचा पंचनामा कधी झाला नाही.

‘घरात राहा’ हा सल्लाही दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि बाहेर सार्वजनिक शौचालय अशा वस्तीत कसा पाळायचा? जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन वॉर्डांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण केले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये विषाणूची प्रतिपिंडे आढळली, इमारतींमधल्या १६ टक्के लोकांमध्ये. ज्यांनी रोजगार गमावून निर्बंधांची सगळ्यात मोठी किंमत मोजली, त्यांना त्या निर्बंधांचे संरक्षण सगळ्यात कमी मिळाले. आमच्या मते त्या काळाबद्दलची ही सगळ्यात गंभीर गोष्ट आहे आणि तिची सार्वजनिक चर्चा जवळजवळ झालीच नाही.

राज्य सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ च्या निर्बंधांसोबत ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर झाली, शिवभोजन थाळी मोफत झाली, रेशनवर धान्य मिळाले. २०२० मधल्या त्या चार तासांच्या तुलनेत हे पुष्कळच माणुसकीचे होते. पण फेरीवाले, रिक्षाचालक, बांधकाम मजूर, घरकामगार यांच्यासाठीचे १,५०० रुपये ‘नोंदणीकृत’ असलेल्यांनाच होते. ही रक्कम म्हणजे बिगाऱ्याची तीन-चार दिवसांची मजुरी. आणि बांधकाम मजूर म्हणून राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंद व्हायची तर मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाचा मुकादम रोज वेगळा. त्याला नव्वद दिवसांची सही देणार कोण? फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे, पण शहरोशहरी त्यांची सर्वेक्षणे आणि परवाने वर्षानुवर्षे रखडले. नोंद सरकारने करायची, ती केली नाही आणि नोंद नाही म्हणून मदतही नाही, हा न्याय कोणत्याही निकषावर टिकणारा नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही गिरण्यांतले हजारो कामगार गावाकडे पळाले होते. त्याच साथीतून १८९७ चा साथरोग कायदा झाला आणि मार्च २०२० मध्ये राज्याने तोच कायदा पुन्हा लागू केला. तो परक्या सरकारने केलेला, चार कलमांचा. त्यात सक्तीचे अधिकार भरपूर आहेत, भरपाईचा उल्लेख ओझरता आहे आणि रोजगार बुडालेल्या माणसाचा हक्क कुठेही नाही. पण देशव्यापी टाळेबंदी लागू झाली ती २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, आणि हा कायदा आपण केलेला आहे. त्याच्या कलम १२ मध्ये आपद्‌ग्रस्तांना द्यायच्या मदतीची किमान मानके ठरवायला सांगितले आहे. मृतांच्या कुटुंबीयांना साहाय्य आणि उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य, या दोन्ही गोष्टी त्या एकाच कलमात आहेत. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवले, तेव्हा कुठे कोरोनाने मेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळाले. उपजीविकेचा भाग तसाच पडून राहिला. पण पडून राहिला म्हणून तो कायद्यातून पुसला जात नाही.

याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मदतीची स्वतःची मानके ठरवायची असतात आणि या प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. त्यांच्याकडे आमची मागणी स्पष्ट आहे. साथ नसतानाच्या या शांत काळात ही मानके लिहून जाहीर करा. काम बंद करण्याचा आदेश निघाला तर रोज किती रुपये, किती दिवस आणि कुणाला, हे त्यात आकड्यांत असू द्या. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर कामगाराच्या स्वतःच्या निवेदनावर नोंद होते, तर राज्याच्या मंडळांनीही नव्वद दिवसांच्या दाखल्याचा हट्ट सोडावा आणि नोंदणीचे टेबल सकाळी आठ वाजता नाक्यावर मांडावे. घरकामगारांची नोंद वस्तीत जाऊन करावी. पुढच्या वेळी बंदीचा आदेश आणि खात्यात जमा होणारे पैसे यांची तारीख एकच असली पाहिजे.