बिननावाची डबी

लग्नसराईचं बुकिंग सुरू झालं की पार्लरमध्ये एक प्रश्न हमखास येतो : "ताई, पंधरा दिवसांत थोडं उजळेल असं काही आहे का?" खरं उत्तर 'नाही' हेच आहे. पण बऱ्याच ठिकाणी उत्तरादाखल काउंटरखालून एक पांढरी डबी निघते. तिच्यावर ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता. फार तर 'नाइट क्रीम' असं पेनाने लिहिलेलं. ब्रायडल मेकअपच्या हंगामात संपादकीयाची जागा या डबीला द्यावी लागते, हे आपल्या व्यवसायाला शोभणारं नाही.

अकोल्याची बातमी २०२३ मध्ये आपण सगळ्यांनीच वाचली. एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. तिघी एकच क्रीम लावत होत्या आणि ते आलं होतं एका ब्यूटिशियनकडून. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छडा लावला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका ठरावीक विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांमध्ये त्या विकाराचा एक विरळा प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं वापरत होते. पुढे तिथल्या औषध नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन सौंदर्य' नावाने छापे घातले.

या क्रीमचा 'रिझल्ट' दिसतो, हीच खरी मेख आहे. त्वचेतलं मेलॅनिन ज्या एन्झाइममुळे तयार होतं, ते टायरोसिनेज पारा अडवून धरतो. चेहरा झपाट्याने उजळतो, क्लायंट खूश होते आणि पुढच्या वेळी जावेलाही घेऊन येते. क्रीम थांबवलं की रंग परत येतो, म्हणून ते थांबत नाही. पारा मात्र त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जात राहतो. महिन्यांनी पायांवर सूज येते, लघवीला फेस येतो. तेव्हा डॉक्टरांना क्रीमबद्दल सांगायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. टॉवेलमधून, उशीच्या अभ्र्यातून हा पारा घरातल्या लहान मुलापर्यंतही पोचतो.

नियम नाहीत, असं मुळीच नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. डिसेंबर २०२० मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम आले. क्रीममध्ये पारा घालायला त्यांनी मनाई केली आणि नकळत आलेला पाराही १ पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे एका मिलिग्रॅमच्या, वर नको असं ठरवलं. डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी ७० पीपीएमपर्यंत सवलत ठेवली. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. त्या करारातल्या देशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हात या मर्यादेचीही पळवाट बंद केली : २०२५ नंतर पारा घातलेलं कोणतंच सौंदर्यप्रसाधन नको.

पण हे सगळं लागू पडतं ते नाव-पत्ता असलेल्या मालाला. बिननावाच्या डबीचा नमुना घ्यायचा कुणाचा आणि नोटीस धाडायची कुणाला? एफडीएने गल्लीबोळातलं प्रत्येक पार्लर तपासावं ही अपेक्षा बाळगून बसण्यात अर्थ नाही. त्या डबीपर्यंत रोज पोचणारा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही.

आणि इथे थोडं कडू बोलायला हवं. आपल्यातलेच काही जण मेडिकलमधून स्टिरॉइडच्या ट्यूब आणतात, कोल्ड क्रीममध्ये घोटतात आणि 'आमचा खास फॉर्म्युला' म्हणून विकतात. त्वचेवर लावायची बरीचशी स्टिरॉइड मलमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. मिश्रण करून डबी भरून विकणारा कायद्याच्या लेखी उत्पादक ठरतो आणि उत्पादकाला परवाना लागतो. पार्लरच्या शॉप अ‍ॅक्टच्या नोंदणीने ते भागत नाही. 'आयुर्वेदिक आहे हो' या वाक्यानेही नाही.

माल घेताना बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक पाहा. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरिक असा कोणताही शब्द दिसला तर माल परत करा. खोक्यावर 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना असेल तर तो पाऱ्याचा इशारा समजा. मंगळसूत्राला जे चालत नाही, ते गळ्याच्या कातडीला कसं चालेल?

दुकानात अशा डब्या उरल्या असतील तर त्या सेलमध्ये काढू नका आणि नालीतही ओतू नका. झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून बाजूला ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाला कळवा. पुरवठादाराचं नावही द्या. हे काम लग्नाची गर्दी सुरू होण्याआधी, याच आठवड्यात करा.