गाडी खरी, रस्ता खोटा

'द रिअल ड्रायव्हिंग सिम्युलेटर' ही ग्रॅन तुरिस्मो गेमची १९९७ पासूनची जाहिरात. आमच्या पिंप्राळ्यातली पोरं म्हणतात, "भो, हे खेळलं की गाडी आपोआप येते." दावा कितपत खरा?

गाडीपुरता बराच खरा. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं, ओल्या रस्त्यावर टायरची पकड सुटते. २०२२ च्या ग्रॅन तुरिस्मो ७ मध्ये हे नीट जाणवतं. याच मालिकेतला आधीचा गेम खेळून यान मार्डनबरो २०११ ची स्पर्धा जिंकला आणि खरा रेसर झाला. पण मध्ये त्याला खऱ्या ट्रॅकवर प्रशिक्षण घ्यावं लागलं, हे पोरं सांगत नाहीत.

खोटा आहे तो रस्ता. गेममध्ये २०० च्या वेगात भिंतीवर आदळा, गाडी खरचटते आणि पुन्हा पळते. समोरून राँग साइडने दुचाकी येत नाही, अंधारात बिनदिव्याची ट्रॉली उभी नसते. आपल्या महामार्गावर दोन्ही असतात. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. तिथं रिस्टार्टचं बटण नव्हतं.

अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. गाडीची नोंदणीही १२ महिने रद्द होते.

म्हणून पालकांनो, गेम खुशाल खेळू द्या. चावी मात्र लायसन्स आल्यावरच.