‘भरपूर सॅलड खावे’

औषधाच्या चिठ्ठीवर आपण मिलिग्रॅम लिहितो, वेळ लिहितो, जेवणापूर्वी की जेवणानंतर तेही लिहितो. त्याच चिठ्ठीच्या तळाशी आहाराविषयी लिहिताना मात्र आपली लेखणी अचानक उदार होते. ‘भरपूर सॅलड खावे.’ भरपूर म्हणजे किती, आणि सॅलड म्हणजे कशाचे, हे रुग्णाने आपल्या मगदुराप्रमाणे ठरवावे. मीही अनेक वर्षे असेच लिहीत आलो. त्या तीन शब्दांची किंमत मला एका निवृत्त शिक्षिकाबाईंमुळे कळली.

बाईंच्या हृदयाची मायट्रल झडप बदललेली. वॉर्फरिन चालू, आयएनआर कित्येक महिने २.८ च्या आसपास स्थिर. वजन मात्र वाढत होते, म्हणून मी नेहमीचे वाक्य लिहिले. बाई आज्ञाधारक. बंगळूरला असलेल्या सुनेने त्यांना ब्रोकोली, धान्य आणि मेयोनीज यांचे एक ‘क्रीमी’ सॅलड शिकविले. ते त्यांना आवडले, आणि डॉक्टरांनीच सांगितले आहे म्हटल्यावर त्या रोज दोन मोठे वाडगे खाऊ लागल्या. तीन आठवड्यांनी आयएनआर १.६ आणि वजन दीड किलोने अधिक. सुदैवाने गुठळी झाली नाही. मी खोलात जाऊन विचारपूस करू लागलो, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, गोळी किती घ्यायची ते लिहिलंत. हे किती खायचं, ते नाही लिहिलंत.”

उत्तर माझ्यापाशी नव्हते. १०० ग्रॅम ब्रोकोलीत सुमारे १०० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असते, मेयोनीजच्या सोयाबीन तेलातही ते असते, हे मला परीक्षेपुरते ठाऊक होते. मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात नव्वदच्या आसपास किलोकॅलरी असतात, हेही. पण ज्या पदार्थाचा सल्ला मी देत होतो, तो मी उभ्या आयुष्यात एकदाही केलेला नव्हता. माझे मत त्या दिवसापासून बनले ते असे : जो पदार्थ आपण स्वतःच्या स्वयंपाकघरात केलेला नाही, मोजलेला नाही आणि चार दिवस खाल्लेला नाही, तो चिठ्ठीवर लिहू नये.

म्हणून तो करून पाहिला. पहिला प्रयत्न फसला. ब्रोकोली गिचका झाली, जोंधळा अर्धकच्चा राहिला, आणि घरच्यांनी सभ्यपणे भाताकडे मोर्चा वळविला. चौथ्या खेपेस जे जमले ते येथे सविस्तर देतो, कारण या लेखात उपयोगाचे असे तेवढेच आहे.

धान्य आपलाच जोंधळा. बाजारात क्विनोआ मिळतो, पण ज्या मुलखात भाकरी हे जेवणाचे दुसरे नाव आहे, तेथे दक्षिण अमेरिकेतील धान्य महागड्या पुडीतून आणण्याचे कारण मला दिसत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. आपण व्याख्याने ऐकली आणि चहाबरोबर बिस्किटे खाल्ली. जोंधळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि तितकाच तंतुमय भाग असतो. एक वाटी, म्हणजे दीडशे ग्रॅम, जोंधळा रात्रभर भिजवावा. सकाळी तिप्पट पाणी व मीठ घालून कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या काढाव्यात आणि मग मंद आचेवर वीस मिनिटे ठेवावा. दाणा फुलला पाहिजे, पण दाताखाली त्याने प्रतिकार केला पाहिजे. पाणी निथळून ताटात पसरून गार करावा आणि लगेच वापरायचा नसेल तर शीतकपाटात ठेवावा. शिजविलेले धान्य दिवसभर ओट्यावर राहिले की बॅसिलस सेरियसला आमंत्रण मिळते, हे आपल्याला तरी सांगावयास नको. थंडीत हुरडा मिळाला, ज्याला आपले कन्नड शेजारी सीतनी म्हणतात, तर हा सारा खटाटोप वाचतो आणि चवही सरस होते.

आता ब्रोकोली. ही काही परग्रहावरील वनस्पती नव्हे. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या एकाच जातीच्या भगिनी. इटलीत ही पूर्वापार पिकते. साधारण साडेतीनशे ग्रॅमचा गड्डा घ्यावा, मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावा, म्हणजे अळ्या असल्यास वर येतात. तुरे बोराएवढे कापावेत. आणि दांडा टाकू नये! वरची जाड साल काढली की आतला गाभा काकडीसारखा कुरकुरीत असतो. या पदार्थाचा कुरकुरीतपणा खरे तर त्या दांड्यातच आहे, आणि तोच घरोघरी कचऱ्यात जातो.

कापल्यावर अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावे. याचे कारण मनोरंजक आहे. ब्रोकोलीतील ज्या सल्फोराफेनचा इतका गाजावाजा होतो, ते तिच्यात तयार स्वरूपात नसते. पेशी फुटल्या की मायरोसिनेज नावाचे विकर पूर्वद्रव्यावर क्रिया करते आणि मग ते बनते. कापल्याबरोबर उकळत्या पाण्यात टाकले तर विकर मरते आणि क्रिया घडतच नाही. १९९२ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांच्या चमूने हे द्रव्य ब्रोकोलीतून वेगळे केले, तेव्हापासून तिला कर्करोगावरील जणू मात्राच ठरविण्यात आले. प्रयोगशाळेतील पुरावा पुष्कळ आहे, माणसांवरील तुटपुंजा. मी हा पदार्थ त्या आशेवर कोणास सुचवीत नाही आणि आपणही सुचवू नये. तरीही पाऊण तास थांबण्यास काही खर्च येत नाही.

नंतर तुऱ्यांना वाफेवर दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात घालावे व फडक्यावर कोरडे करावे. दांड्याचे तुकडे कच्चेच ठेवावेत. कवळी असलेल्यांसाठी तेही तुऱ्यांबरोबर वाफवावेत, जरा अधिक वेळ.

राहिला तो ‘क्रीमी’पणा. येथे मेयोनीजला आपल्याकडे जुने आणि चांगले उत्तर आहे : चक्का. अर्धा किलो दही रात्री फडक्यात टांगून ठेवले की सकाळी पाव किलोच्या आतबाहेर चक्का मिळतो. आणि त्यात फेसलेली मोहरी. आपल्या आज्या काकडीच्या कोशिंबिरीत मोहरी फोडणीत न तडतडविता खलबत्त्यात फेसून का घालीत, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. मोहरीतही तेच मायरोसिनेज असते. फोडणीच्या उष्णतेने ते नष्ट होते, फेसल्याने जागे होते, आणि नाकात झणका येतो तो त्याचाच. वाफविलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातल्यास सल्फोराफेन अधिक बनते असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. आज्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणणे सोपे आहे. आपल्याला ठाऊक असून आपण खल माळ्यावर टाकला, त्याचे काय? आणि खल तर मूळचे वैद्याचेच उपकरण!

अर्धा चमचा मोहरी चिमूटभर साखर व थोड्या पाण्यासह फेसून पाच-दहा मिनिटे ठेवावी. लगेच दह्यात कालवू नये, आंबटपणाने झणका चढत नाही. ती प्रथम गार झालेल्या तुऱ्यांना चोळावी, मग चक्का, एक वाटलेली हिरवी मिरची, मीठ, लिंबाचा थोडा रस आणि गार जोंधळा घालून हलक्या हाताने कालवावे. भाजलेल्या शेंगदाण्यांचे भरड तुकडे, चौघांत मिळून तीन-चार चमचे, अगदी पानात वाढताना घालावेत. आधी घातले तर मऊ पडतात आणि सारी मेहनत व्यर्थ जाते. डाळिंबाचे दाणे असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही.

हे चौघांना पुरते. एका वाढपात माझ्या हिशेबाने पावणेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी, सुमारे १२ ग्रॅम प्रथिने आणि ८० ते ९० ग्रॅम ब्रोकोली येते. मधुमेही व्यक्तींना एक गोष्ट ठणकावून सांगावी लागते : यात जोंधळा आहे, म्हणून हे एका भाकरीच्या बदल्यात खावयाचे, भाकरीबरोबर नव्हे. सॅलड म्हटले की ते जेवणात मोजायचे नसते, हा गैरसमज आपल्याच ‘भरपूर’ने पसरविला आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांत पोटॅशियमचा हिशेब आधी करावा. थायरॉइडचे रुग्ण घाबरून विचारतात. आहारात आयोडीनयुक्त मीठ असेल तर इतक्या वाफविलेल्या ब्रोकोलीने काही बिघडत नाही.

वॉर्फरिनवरील रुग्णांस मात्र आपल्यापैकी अनेकजण दुसऱ्या टोकाचा सल्ला देतात, हिरवी भाजी बंद. तोही मला चुकीचाच वाटतो. भाजी बंद करावयाची नसते, तिचे प्रमाण आठवड्यामागून आठवडे सारखे ठेवावयाचे असते आणि मात्रा त्या प्रमाणानुसार बेतावयाची असते. आज मेथी-पालक शून्य आणि उद्या दोन वाडगे, हे खरे संकट.

बाईंना मी हा सारा प्रकार कागदावर लिहून दिला : एक वाटी, सोमवार, बुधवार व शुक्रवार, रात्रीच्या भाकरीऐवजी, पंधरा दिवसांनी आयएनआर. त्यांनी कागद दोनदा वाचला, शिक्षकी सवयीने एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि विचारले, “ब्रोकोली मिळाली नाही त्या दिवशी नवलकोल चालेल का? तो दारावर येतो.”

मी घरी जाऊन तक्ते पाहिले. नवलकोलाच्या गड्ड्यात के जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ते असते पाल्यात. म्हणजे बाईंच्या दृष्टीने तो चालतो, किंबहुना अधिक बिनधोक आहे. तो वाफवावाही लागत नाही, साल काढून बारीक फोडी केल्या की कच्चाच कुरकुरतो. फक्त एखाद्या दिवशी ब्रोकोलीऐवजी नवलकोल घेतला तरी ती गोष्ट तपासणीच्या वेळी मला सांगावी आणि पाला भाजीत घालू नये, एवढे दोन शब्द मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कागदावर वाढविले.