परिचर्येच्या विद्यार्थ्यांना आधार कोणाचा?

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. त्या दिवशी आपण परिचारिकांसाठी प्रार्थना करतो, त्यांचा गौरव करतो. परंतु परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे स्मरण क्वचितच होते.

परिचर्येच्या अभ्यासक्रमास वयाच्या सतराव्या वर्षी प्रवेश मिळू शकतो. तीन वर्षांची पदविका असो वा चार वर्षांची बी.एस्सी. पदवी, वर्गातील अभ्यासाबरोबर रुग्णालयातील पाळ्याही कराव्या लागतात. ज्या वयात इतर मुली सहलीचे बेत आखतात, त्या वयात ही मुलगी एखाद्या मृताचे डोळे मिटते आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसते. घर दूर, शिक्षण इंग्रजीतून आणि कित्येकींच्या शिरावर कर्ज!

ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग लाझारस व फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली विशद केले: समस्येवर उपाय शोधणे आणि मनातील भावना सावरणे. इंजेक्शन देण्याची भीती सरावाने जाते. रुग्णाच्या मृत्यूवर मात्र उपाय नसतो, तेथे ऐकून घेणारे माणूस लागते. आपल्यामागे कोणी आहे ही जाणीवच ताणाचा आघात सौम्य करते, असे प्रतिपादन कोहेन व विल्स यांनी १९८५ साली केले.

आपण मात्र आधाराच्या जागी उपदेश करतो. ‘सेवेचे व्रत घेतले आहेस, सोसायला शीक,’ असे ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगते.

१९५७ साली अर्जेंटिनात फुप्फुसाच्या आजाराने अत्यवस्थ झालेल्या एका तरुणाच्या औषधाची मात्रा सिस्टर कोर्नेलिया या परिचारिका धर्मभगिनीने दुप्पट करायला लावली. तो तरुण वाचला व पुढे पोप फ्रान्सिस झाला. असा निर्णय घेण्याचे धैर्य अनुभवातून येते. पण तो अनुभव येईपर्यंत विद्यार्थिनी टिकली पाहिजे.

आपल्या धर्मग्रामातील निवृत्त परिचारिकांनी एकेका विद्यार्थ्याची विचारपूस करावी. पाळीमुळे रविवारची मिस्सा चुकली तर जाब न विचारता ख्यालीखुशाली विचारावी. मन फारच खचले असेल, तर २०२२ साली सुरू झालेली शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, हे पालकांनीही ध्यानी ठेवावे.

दयाळू शोमरोन्यानेही जखमी माणसाचा सारा भार एकट्याने वाहिला नाही. त्याने उतारशाळेच्या रक्षकाला सोबत घेतले. आपल्या धर्मग्रामाने या मुलांसाठी ती उतारशाळा व्हावे.