नाडी ताळ्यावर, पण अंगांत त्राण नाहीं

घरांतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हृदयाची लय बिघडते, डॉक्टर गोळ्या देतात, आणि महिन्याभरांत नाडी ताळ्यावर येते. घर निर्धास्त होतें. परंतु ज्याची ती नाडी, तो मात्र दुपारभर भिंतीला टेकून बसतो, माडीवर जाण्याऐवजीं खालींच अंथरूण टाकावयास सांगतो, आणि विचारल्यास 'कांहीं नाहीं, जरा ग्लानि येते' एवढेंच बोलतो. 'वय झालें' या दोन शब्दांत आपण या तक्रारीची बोळवण करतों. आणि तक्रार करणारी घरची स्त्री असली तर आळसाचा ठपका नको म्हणून ती बोलतच नाहीं. पुष्कळदां ही ग्लानि वयाची नसून गोळीची असते, आणि गोळीची मात्रा कमी करतां येते. मात्र ती कोणीं आणि कशी कमी करावी, यावर पुढचें सारें अवलंबून असतें. म्हणून यंदाच्या मासीं हा विषय घेतला आहे.

उतारवयांत लयीचा जो विकार विशेष आढळतो, त्यांत हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावतां नुसते थरथरत राहतात. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. नाडी अनियमित व बहुधा जलद चालते, आणि ती आवरण्यासाठीं मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, अटेनोलोल यांसारख्या गोळ्या देतात. या वर्गांतलें प्रोप्रॅनोलोल हें औषध सर जेम्स ब्लॅक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. भीतीनें किंवा श्रमानें रक्तांत जें ॲड्रेनलिन उतरतें, त्याचा हृदयावरील परिणाम या गोळ्या अडवितात. गुण येथेंच आहे आणि दोषहि येथेंच. जिना चढतांना निरोगी हृदय आपले ठोके वाढवून पायांना अधिक रक्त पुरवितें. मात्रा भारी झाली कीं त्याला तसें करतां येत नाहीं, आणि चौथ्या पायरीवरच पाय जड होतात.

डिजॉक्सिनची गोष्ट थोडी निराळी. तिचें मूळ डिजिटॅलिस या वनस्पतींत आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्यानें १७८५ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि अधिक मात्रा झाल्यास ओकारी येते, नजर पिवळसर होते, नाडी मंदावते, हें तेव्हांच नोंदवून ठेविलें. महादेवाला वाहावयाची आपली पिवळी कण्हेरहि तशाच जातीच्या विषाची आहे. मुलाबाळांच्या घरांत हें ठाऊक असावें. वृद्धांचें मूत्रपिंड मंदावलेलें असलें तर नेहमींची मात्राहि अंगांत सांचत जाते, आणि अन्नावरची वासना प्रथम उडते. अमियोडॅरोन हें आणखी एक औषध. त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आयोडीनच असल्यामुळें तें थायरॉईडच्या ग्रंथीला बाधूं शकतें, आणि मग जी सुस्ती येते ती हृदयाची नव्हे, ग्रंथीची असते. हें औषध अंगांतून निघून जाण्यास कित्येक आठवडे, प्रसंगीं महिनेहि लागतात. आज मात्रा उतरविली म्हणून उद्यां हुशारी येईल ही आशा व्यर्थ होय.

आतां नाडी किती असावी, हा खरा प्रश्न. हॉलंडांत ६१४ रोग्यांवर झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. हा विकार कायम जडलेल्या रोग्यांचे दोन गट केले होते : एकांत स्वस्थ बसलें असतां नाडी ८० च्या खालीं आणावयाची, दुसऱ्यांत ११० च्या खालीं असली तरी चालवून घ्यावयाची. तीन वर्षांत गंभीर प्रसंग पहिल्या गटांत शेंकडा १४.९ व दुसऱ्यांत १२.९ आढळले, म्हणजे ढिलाईनें अपाय झाला नाहीं. दोन्ही गटांतले रोगी सारखेच थकत होते, हेंहि सांगितलें पाहिजे. लगाम सैल केला म्हणजे प्रत्येकाला हुशारी येतेच असें नाहीं. पण केवळ आंकडा सुंदर दिसावा म्हणून गोळ्या वाढवीत नेण्याचें कारण उरलें नाहीं. ज्याचें हृदय अशक्त झालें आहे त्याचा विचार अर्थात् निराळा.

आमच्या शहागंजांत, घड्याळाच्या मनोऱ्यापासून फार दूर नाहीं अशा एका घरीं गेल्या वर्षीं जें घडलें तें सांगण्यासारखें आहे. घरचे अण्णा रोज सकाळीं मंडईंतून भाजी निवडून आणावयाचे. गोळ्या सुरू झाल्यावर तें बंद पडलें. पहिल्यानें लक्ष गेलें सुनेचें. "मामंजी, सकाळची गोळी घेतल्यावरच ही ग्लानि येते का हो?" असें तिनें विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "सूनबाई, हें मीं कोणाला सांगितलें नव्हतें." तिनें डॉक्टरांना विचारावयास सुचविलें, थोरल्या चिरंजीवांनीं मात्र परस्पर निर्णय घेतला आणि 'इतक्या गोळ्या हव्यात कशाला' म्हणून दोन एकदम बंद केल्या. चार दिवस अण्णा ताजेतवाने दिसले. पांचव्या दिवशीं पहांटे छातींत धडधड सुरू झाली, नाडी मोजतां येईना, आणि रिक्षांत घालून दवाखाना गांठावा लागला.

तेथें दोन गोष्टी उघड झाल्या. नाडी आवरणारी गोळी एकाएकीं सोडली कीं इतके दिवस दडपलेलें हृदय उसळी घेतें. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत त्यांना तर छातींत कळ येऊन झटकाहि येऊं शकतो. म्हणून ती बंद करावयाची तरी एकदोन आठवड्यांत पायरीपायरीनें उतरवितात. दुसरी गोष्ट याहून भयंकर. बंद केलेल्या दोहोंपैकीं एक गोळी नाडीची नव्हतीच. ती रक्त पातळ ठेवण्याची होती. थरथरत्या कप्प्यांत रक्त सांकळून त्याची गुठळी मेंदूंत गेली तर अर्धांग होतें. नाडी कितीहि शांत असली तरी ही भीति जात नाहीं, आणि या गोळीचा ग्लानीशीं सहसा संबंधहि नसतो. अण्णा दैवानें वांचले. पुढें डॉक्टरांनीं रक्त पातळ ठेवण्याची गोळी पुन्हां चालू केली, नाडीची मात्रा निम्म्यावर आणून ती रात्रीं दिली, आणि दीड महिन्यानें अण्णांची पिशवी पुन्हां मंडईंत दिसूं लागली.

एकादशीच्या निरंकार उपासाला गोळी चुकविणारी मंडळीहि याच धोक्यांत असतात. पाण्याचा घोट व गोळी यांनीं उपास मोडतो असें मानणाऱ्यांशीं मी वाद घालीत नाहीं. त्यांनीं आपल्या डॉक्टरांना आणि गुरुजींना एकत्र विचारावें. वैशाखांत आपल्याकडे ऊन ४० अंशांवर जातें तेव्हां घामानें रक्तदाब उतरतो आणि तीच मात्रा जड होते, हेंहि त्याच वेळीं विचारून ठेवावें. अर्जुनसालीचा काढा चालू असल्यास तो लपवूं नये.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं आठवडाभर एका वहींत गोळीची वेळ, ग्लानीची वेळ आणि बसल्या जागची नाडी लिहावी. अनियमित नाडी पंधरा सेकंद मोजून चौपट करणें चुकीचें. पुरती साठ सेकंदें मोजावी. दुबळे ठोके मनगटापर्यंत पोंचत नाहींत, म्हणून डॉक्टर नळी लावून छातीवरहि मोजतील. वही दाखवून विचारावें कीं, मात्रा उतरवितां येईल काय, औषध बदलतां येईल काय, हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासले आहेत काय. पंडुरोगानें, अपुऱ्या झोंपेनें किंवा मनाच्या उदासीनतेनेंहि असाच थकवा येतो, आणि दोष मात्र गोळीच्या माथीं जातो. नाडी ५० च्या खालीं जाऊन घेरी आली, शुद्ध हरपली, धाप लागली, छाती दुखली, तोंड वांकडें झालें किंवा बोलणें अडखळलें, तर वहीची वाट न पाहतां तडक घाटीच्या रुग्णालयांत न्यावें.

मात्रा उतरल्यावर ५० ची जुनी पट्टी फडताळांतच राहते आणि २५ ची नवी तिच्या शेजारीं येते. नांव एकच, वेष्टनहि बहुधा सारखें. गोळ्या देण्याचें काम घरांत दोघीतिघींकडे असेल तर जुनी पट्टी त्याच दिवशीं वेगळी काढावी, नवी मात्रा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि सावकाश विरघळणारी गोळी असल्यास तिची पूड करून देऊं नये.